अंगठ्याचे कुलूप

बाबांनी टॅबवरील ऑनलाइन खेळाला स्वतःच्या अंगठ्याचे कुलूप घातले होते. परंतु रात्रपाळीहून आलेले बाबा दुपारी तोंडावर चादर ओढून घोरू लागले, की शेरास सव्वाशेर असलेली धाकटी टॅब हळूच त्यांच्या अंगठ्याखाली सरकवीत असे.

आज हात आधीच चादरीबाहेर आलेला होता. कुलूप तत्क्षणी उघडले.

तोच न्हाणीघराचे दार वाजले आणि ओले केस पुशीत बाबा बाहेर आले.

"सापडलीस, चोरटे! माझा अंगठा तर माझ्यापाशी आहे. मग उघडलंस कशानं गं?"

चादरीखालील घोरणे थांबले.

"बाबा," धाकटी मान न वळवता पुटपुटली, "याला माझा हात सोडायला सांगा ना."