नावाआधी कृषितज्ज्ञ

"‘कृषितज्ज्ञ’ मी म्हणणार नाही," सुनिता म्हणाली आणि तिनं माइक टेबलावर ठेवून दिला.

मेळाव्याची सगळी धावपळ करणाऱ्या बंकटच्या तोंडचं पाणी पळालं. वडवणीच्या बाजारतळावर मांडव गच्च भरलेला, पेरणीआधीचा शेतकरी मेळावा, पाहुणे येऊन बसलेले, आणि निवेदन करणारी बाई ऐन वेळी अडून बसली! मांडवामागं खुर्च्यांच्या थप्पीआड त्यानं हात जोडले.

"ताई, बॅनरवर छापलंय की. ‘कृषितज्ज्ञ मा. विजयसिंह दादासाहेब.’ आता तुमी कावून अडायल्या?"

"छापलं कुणी?"

बंकटला वाटत होतं दादासाहेबांनीच सांगितलं असेल. दादासाहेबांना वाटत होतं बंकटला सुचलं. शब्द मात्र त्यांना एवढा आवडला होता, की सकाळपासून त्या बॅनरखाली उभं राहून त्यांनी चांगले ढिगानं फोटो काढून घेतले होते.

दादासाहेब म्हणजे तालुक्यातलं बियाण्याचं सगळ्यात मोठं दुकान आणि त्या दुकानाच्या जोरावर चाललेलं पुढारपण. माणूस असा, की नको म्हटलं की त्याला नेमकं तेच पाहिजे.

सुनितानं कृषी शाखेची पदवी घेतलेली. आवाज खणखणीत, म्हणून कार्यक्रमांचं निवेदन तिच्याकडं येई. तिच्या चुलतीनं, छबुबाईनं, आणि गल्लीतल्या सगळ्या बायांनी यंदा सोयाबीनचं बी दादासाहेबांच्या दुकानातून नेलं होतं. घरी भिजवून पाहिलं तर ते उगवेना, म्हणून छबुबाई पोतं घेऊन परत गेली, तर दादासाहेबांनी भर गिऱ्हाइकांत तिला झाडलं.

"मी दुकानदार हाय बाई. बी चांगलं का वाईट, मला काय कळतंय? एखादा कृषितज्ज्ञ आण. त्यानं खराब म्हणू दे, सगळ्या गल्लीचं बदलून देतो!"

सुनिता पुढं झाली होती. मी शिकलेय, मी सांगते, म्हणाली होती.

"तू? परवाची पोर!"

अख्खं दुकान हसलं. ते हसू सुनिताच्या काळजात रुतून बसलं होतं. पेरणी तोंडावर आलेली आणि बायांकडं दुसरं बी नव्हतं. यंदा रान पडीक राहणार, या विचारानं छबुबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

एवढ्यात दादासाहेबच मांडवामागं आले. फेटा बांधून झाला होता.

"काय गं सुनिता, कसला खोळंबा?"

"शब्दाचा आहे, दादासाहेब. रान कसतो तो शेतकरी. बी विकतो तो दुकानदार. शेतीचं शास्त्र शिकून, पारखून सल्ला देतो आणि दिलेल्या शब्दाला बांधला जातो, तो कृषितज्ज्ञ. लोक त्याच्या शब्दावर पेरतात. तुम्हाला बी ओळखता येतं का?"

बंकटनं डोळेच मिटून घेतले. मेली ही आता!

"मला?" दादासाहेबांचा आवाज चढला. "हयात गेली माझी बियाण्यात! नुसता हात लावला की सांगतो."

"चार लोकांसमोर सांगाल?"

"माइकवर सांगतो! तू आधी नाव घे, आणि त्या शब्दासकट घे. न्हाई तर वडवणीत पुन्हा तुझ्या हाती माइक येतो कसा, तेच बघतो."

सुनितानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग मुकाट्यानं माइक उचलला. बंकटनं सुटकेचा श्वास सोडला. वाकली बिचारी, त्याला वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

"आणि आता, कृषितज्ज्ञ माननीय विजयसिंह दादासाहेब!"

टाळ्या पडल्या. दादासाहेब फेटा सावरत मंचावर चढले.

या मेळाव्यात फीत कापत नाहीत. गावातल्या कुणीतरी ओल्या गोणपाटात बियाणं मांडून, गुंडाळून काही दिवस आधी ठेवायचं, आणि पाहुण्यानं ती गुंडाळी सगळ्यांसमोर उलगडायची. कितपत उगवलं ते बघून पेरावं का नाही ते सांगायचं, अशी रीत. एरवी पाहुणा नुसती सुतळी सोडतो, बोलतो तो शेजारी बसलेला कृषी अधिकारी. आज अधिकारी उठायला लागले, तर दादासाहेबांनी हातानंच त्यांना खाली बसवलं.

सुतळी सुटली. गोणपाट उलगडलं. आंबूस वास मंचावर पसरला. मोड आलेला दाणा एखाददुसरा, बाकी सगळं बुळबुळीत झालेलं, बुरशी धरलेलं.

दादासाहेबांनी एक दाणा चिमटीत दाबला. त्याचा पार लगदा झाला.

"बघा!" ते माइकवर गरजले. "ह्याला बी म्हणायचं? ही तर माती हाय माती! कृषितज्ज्ञ म्हणून सांगतो, असलं बी रानात टाकू नका. आणि ज्यानं हे तुमच्या गळ्यात मारलं, त्याला सोडू नका. त्याच्या दारात नेऊन ओता!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात जोरात टाळ्या बायांच्या बाजूनं आल्या, आणि टाळ्या वाजवत वाजवतच त्या बाया उठून उभ्या राहिल्या.

छबुबाई सगळ्यांच्या पुढं होती. डोक्यावर पोतं. मागं गल्लीतल्या बाया, त्यांच्याही डोक्यावर पोती. तिनं पोतं दादासाहेबांच्या पायाशी धप्पकन टाकलं. वर दुकानाचा ठसठशीत शिक्का होता.

"यंदा गोणपाट आमीच बांधलं, त्यातलं बी ह्यातलंच हाय, दादासाहेब. तुमच्याच दुकानातलं. आता द्या बदलून. कृषितज्ज्ञानं सांगितलंय."

मांडवात हशा पिकला. दादासाहेबांचा चेहरा फेट्याहून लाल झाला. हजारभर लोकांसमोर दिलेला शब्द आता गिळताही येईना.

"द्या रे बदलून," ते कसंबसं म्हणाले. मग माइक बाजूला सारून दात-ओठ खात बंकटवर वळले. "तो शब्द माझ्या नावाआधी घातला कुणी बे?"

बंकटनं फ्लेक्सवाल्या मुंजाजीला दंडाला धरून पुढं ओढलं. मुंजाजी गोंधळून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिला आणि शेवटी सुनिताकडं वळला.

"ताई, तुमीच फोन केलता ना, मोठ्या अक्षरात घाल म्हणून?"