एकाच माणसाची गाडी

पोराचं हे वागणं फौजदारणीला बघवत नव्हतं. बायकोची खुर्ची तो दुसऱ्या कुणाच्या हातात म्हणून देत नसे. बाजारात तोच ढकलणार, दवाखान्यात तोच ढकलणार. आज गाड्यांच्या दुकानातही, गुळगुळीत फरशीवर जिथं ती खुर्ची फुंकरीनं गेली असती, तिथं हा दोन्ही मुठी आवळून मागं. मंगळवारचा व्यायाम सोडला तर एकदाच, चाक करकरायला लागलं तेव्हा, फौजदारीण ती दुरुस्तीला घेऊन गेली होती. तेवढीच काय ती सुटका.

लोक म्हणत, नवरा मिळावा तर असा. फौजदारीण म्हणे, नवरा कसला, ओझ्याचा बैल. गल्लीनं तिला फौजदारीण हे नाव तिच्या जिभेवरून दिलं होतं आणि ती ते दागिन्यासारखं मिरवत होती.

सुनेबद्दलही तिचं बोलणं गोड नव्हतं. अपघातात कमरेखालचं गेलं, ते नशीब म्हणावं. जीभ तर शाबूत होती ना? सेल्समन तिला विचारी, हात किती उंच जातो, मान पूर्ण वळते का, आणि उत्तर नवरा देई. ही आपली काचेबाहेर बघत बसलेली.

"मूग गिळून बसलीय," फौजदारीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दर मंगळवारी व्यायामाला नेऊन नेऊन माझे पाय झिजले. हिच्या पायात मुंगीएवढा जोर आला नाही. तळहातांना घट्टे तेवढे पडले."

व्यायामाच्या जागी पुरुषांना आत घेत नाहीत, असं तिनं घरी सांगितलं होतं. म्हणून ते काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

पोरगा हसला. आईच्या तोफा त्याला सवयीच्या होत्या. नातेवाइकांत त्याचं नाव मोठं होतं. बायकोला कुणी त्रास देऊ नये म्हणून तिचा फोन तो आपल्याच खिशात ठेवी. कामावर निघताना तिची खुर्ची बाहेरच्या खोलीत आणून ठेवी. न जाणो, एकटीच पलंगावरून उतरायला गेली आणि पडली तर? तिच्या खोलीला बाहेरून कडीसुद्धा त्यानंच बसवली. मांजर आत शिरतं, म्हणाला.

गाडीचं खूळ सुनेचं. चार पाहुण्यांदेखत तिनं ते बोलून दाखवलं आणि पाहुण्यांनीही टोचलं, बघ तरी एकदा. म्हणून तो आला होता.

पहिली गाडी त्याला बघताक्षणी आवडली. बायको खुर्चीसकट मागं, चालवायला पुढं नवरा. दुसरी कोपऱ्यात उभी होती, पिवळी, डबीएवढी. मागचं दार वर गेलं की फळी खाली येते, खुर्ची सरळ आत जाते आणि त्याच खुर्चीत बसून गाडी चालवायची. पायांचं काम नाही. हाताशी एक दांडा. त्यानंच पळवायची, त्यानंच थांबवायची. खुर्ची हलू नये म्हणून तळाला खटका होता. सेल्समन म्हणाला, हा खटका ज्याच्या त्याच्या खुर्चीच्या मापानं बसवतात, खुर्चीखालीही त्याच्या जोडीची खिट्टी लावावी लागते. परकी खुर्ची त्यात अडकत नाही.

"आणि शेजारी कोण बसणार?" पोरानं विचारलं.

"शेजारी जागाच नाही, साहेब. एकाच माणसाची गाडी आहे."

"मग नको. ही एकटी जाणार कुठं? मी आहे ना."

फौजदारीण म्हणाली, अगदी बरोबर. तिनं गाडीभोवती फेरी मारली, नंबरप्लेटकडे बघून नाक मुरडलं, दारावर टिचकी मारून पत्रा कागदासारखा आहे म्हणाली. सकाळपासून खांद्याला रग लावणारी आपली फुगलेली पिशवी तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि पोराला बाजूला घेतलं.

"एकदा बसव तिला. दांडा हातात आला की पाचावर धारण बसेल. आवारात एक चक्कर मारू दे. तिची हौस फिटेल, तुझ्यामागची कटकट मिटेल."

पोराला ते पटलं. आई आपल्या बाजूची आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्यानंच खुर्ची फळीवरून आत ढकलली. खाली खट् वाजलं. "बघा, कशी घट्ट बसली," तो कौतुकानं म्हणाला. दार खाली आलं.

गाडी आचका न देता निघाली. आवारात वळली. सुनेनं काचेतून एकदा सासूकडे पाहिलं. सासूनं तोंड फिरवलं. फाटकाशी वळणाचा दिवा लुकलुकला, गाडी रस्त्यावर गेली, एका बसमागं थांबली आणि मग बसला मागं टाकून दिसेनाशी झाली.

पोरगा आधी हसला. हौस दांडगी आहे, म्हणाला. मग फाटकापर्यंत जाऊन बघून आला. मग सेल्समनवर ओरडला, पण सेल्समन खाली फरशीकडे बघत उभा राहिला. शेवटी त्यानं घाईघाईनं बायकोला फोन लावला.

तो त्याच्याच खिशात वाजला.

त्यानं तो खिशातून काढून बंद केला. "तिला चालवता कशी येते?" त्यानं विचारलं.

"मंगळवारी शिकली," फौजदारीण म्हणाली. "गाडी तिचीच आहे. पिशवीतले कपडेही तिचेच. गेली कुठं, ते तुला कळायचं नाही."

"आई, तू..."

"मांजर शिरतं म्हणून बाहेरून कडी लावायचास ना? त्या घरात माझा जन्म गेला. मांजर मला कधी दिसलं नाही. बोका दिसला, आणि तो मीच पोसला. आता तो माझ्या उंबऱ्याच्या आत दिसायचा नाही."