धाकटीचे व्यायाम

"दार उघडंच राहू द्या ना, बाई. फार उकडतंय," आतून धाकटीचा आवाज आला.

थोरली बाहेरच्या बाकावर बसून पायमोजे चढवत होती. मान वळवायची नाही असं तिने ठरवलं होतं, पण डोळे वळलेच. धाकटी जाड गादीवर डोळे मिटून एका पायावर उभी होती, डाव्या. फिजिओथेरपिस्ट बाई शेजारी उभ्या.

"गुडघा किंचित वाकलेला. घोटा स्थिर," धाकटी पाढे म्हणावेत तशी मोठमोठ्याने म्हणत होती. सगळ्या इमारतीला कळायला हवं ना, आपले किती लाड चाललेत ते! थोरलीचा जळफळाट झाला.

नृत्यसंस्थेत रुजू झाल्या झाल्याच बाईंनी थोरलीचा घोटा दाबून पाहिला होता. "दोनदा मुरगळलाय हा डावा. आणि उडी मारून तू यावरच उतरतेस. रोज व्यायाम कर, नाहीतर पुढच्या वेळी नाचच सुटेल."

थोरलीने नाक मुरडलं. व्यायाम आजाऱ्यांनी करावेत. ती त्या खोलीत पुन्हा फिरकली नाही.

आता मात्र धाकटी तिथे ठाण मांडून बसायची. नव्या प्रयोगातली मुख्य भूमिका या दोघी बहिणींपैकी एकीला मिळणार होती आणि बाई तयारी करून घेत होत्या एकीचीच. लहानपणापासून हेच. खिडकीजवळची जागा धाकटीला, नवा फ्रॉक धाकटीला. थोरलीने तेव्हाही ऐकून घेतलं नव्हतं, सरळ हिसकावून घेतलं होतं.

तिने याही वेळी तेच केलं. रोज बाकावरून बघायची आणि घरी खोलीची कडी लावून गादीच्या घडीवर डाव्या पायावर उभी राहायची. रबरी पट्टा पलंगाला बांधून पाऊल बाहेर ओढायची. पायरीच्या कडेवर टाच सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. पोटऱ्या भरून यायच्या, पण धाकटीच्या पुढे जायचंच होतं.

धाकटीचे नखरेही हल्ली वाढले होते. तालमीत उड्या टाळायची, म्हणजे दम राखून ठेवत असणार. जिना उतरायची तोही कठडा धरून, एकेक पायरी, महाराणीसारखी.

"चल की लवकर!" थोरली खेकसायची.

"तू हो पुढे, ताई," धाकटी हसून म्हणायची.

निवडीच्या दिवशी थोरली उंच उडी घेऊन डाव्या पायावर उतरली. घोटा तसूभरही हलला नाही. गुरूंनी तिथल्या तिथे भूमिका तिला दिली. धाकटी आलीच नव्हती. घाबरली असेल.

थोरली तडक बाईंच्या खोलीत गेली.

"तिच्यासाठी एवढा जीव टाकलात, पण बाजी मी मारली. तिचे सगळे व्यायाम चोरले मी, बाई."

"माहीत आहे." बाई रबरी पट्टे खुंटीला अडकवत होत्या. "तिचे घोटे ठणठणीत आहेत. उजवा गुडघा गेलाय तिचा. ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलीय. यंदा नाचणार नाही ती."

"मग इथे रोज डाव्या पायाचे..."

"तुझी ताई माझं ऐकत नाही, असं म्हटलं मी तिला. तर म्हणाली, 'दार उघडं ठेवा, बाई. माझं आहे म्हटलं की ताई घेतेच.'"