भाताची गोळी

"अगं, एवढी पाण्याची बाटली भरून आण," म्हणत मुकुंदरावांनी बायकोला बाहेर पिटाळलं आणि खुर्ची डॉक्टरांजवळ ओढली.

"हात चालतो, पाय चालतो. पण झटका आल्यापासून... नवराबायकोचं काही जमत नाही." एवढं बोलताना त्यांना तीन जिने चढल्यासारखा घाम फुटला.

डॉक्टर गालात हसले. "पक्षाघातानंतर होतं असं. तुमचं बीपी, हृदय ठीक आहे, गोळी चालेल." त्यांनी लिहून ठेवलेली चिठ्ठी पुढे सरकवली. "मघाशी तुम्हाला वजन करायला धाडून वहिनींनी हेच विचारलं!"

बायको बाटली घेऊन आत आली. "काय म्हणाले?"

"भात कमी करा म्हणाले."

तिने चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली. "मग ही भाताची गोळी मीच आणते. तुम्ही केमिस्टलाही पाणी आणायला पाठवाल."