शेपटीजवळची पिसं

सकाळी साडेसहाला सून खुराड्यापाशी बसली. पिल्लं तीन महिन्यांची झाली होती. शेपटीजवळची पिसं टोकदार तर कोंबडा, गोलसर तर कोंबडी. कोंबडा निघेल तो रविवारी खाटकाकडे जाणार, हा सासऱ्यांचाच हुकूम.

शेजारी उभ्या सासऱ्यांच्या पायात घुटमळणारं पिल्लू तिने उचललं.

“तुरा एवढा लालभडक, आणि पिसं गोल कशी हो बाबा?”

“गोल आहेत ना? मग कोंबडीच ती. उगाच फौजदारकी करू नकोस.”

तिला काही ते पटेना. तिने पिसांवर फुंकर मारून नीट पाहिलं. एकूण एक टोक कातरलेलं होतं.



सासऱ्यांची मिशा कातरायची कात्री दुपारी खुराड्याच्या छपरावर सापडली. ती आपली असल्याचं त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.