तिसरं गाणं

"डोकं उठलं," सुमेधच्या अल्बमखाली एकाने लिहिलं होतं. "रॅपमध्ये रॉक गिटार ठीक, पण यंत्रमागांचा खडखडाट कशाला?" दुसऱ्याला खडखडाटच आवडला होता, तिसऱ्या गाण्यात मध्येच कुणीतरी खोकतं, तेवढं खटकलं. बऱ्याच जणांनी त्याचीच री ओढली.

सुमेधलाही ते पटलं. वडील राबायचे त्या शेडमध्ये त्याने मागांचा आवाज रेकॉर्ड केला होता. तिथे सगळेच खोकायचे. त्याने मूळ फाइलमधूनच खोकला पुसला आणि गाणं पुन्हा चढवलं. वाहवा झाली.

असल्या गोंगाटाला वैतागणारी आई, वडील गेल्यापासून रोज संध्याकाळी तेवढं एकच गाणं लावायला सांगायची. आजही तिने डोळे मिटून ते ऐकलं.

संपलं तशी म्हणाली, "परत लाव रे. आज हे खोकलेच नाहीत."