अकराव्या तासाची फुली

हजेरीपटावर मावशींच्या नावापुढे तीन लाल फुल्या होत्या, आणि नियमात बसत होत्या दोनच.

विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाचे नियम कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेले होते. उपकुलसचिव बाईंनी तिकडे न बघताच सातवा नियम म्हणून दाखवला. चोवीस तासांपैकी दोनपेक्षा जास्त बुडाले, तर परीक्षेला बसता येणार नाही. नववा तर मावशींनाही पाठ होता. या वर्गाला आयुष्यात एकदाच नाव घालता येतं. परीक्षा उद्या सकाळी नऊला होती. बाकीच्यांची प्रवेशपत्रं वाटून झाली होती, मावशींचं तेवढं टेबलावर पडून होतं.

मावशी बेकरीत भट्टीवर होत्या. रात्री दोनला कामावर, सकाळी आठला सुटका आणि नऊला वर्ग. ही गणिताची एक परीक्षा पास झाल्या, तर त्यांना पदवीला प्रवेश मिळणार होता. वर्गातली सगळी मुलं त्यांच्या लेकीच्या वयाची. मावशी हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

दोन फुल्या मावशींनी मुकाट्याने मान्य केल्या. एकदा जोडीदारीण आली नाही म्हणून तिची पाळीही ओढावी लागली होती, एकदा बस वाटेतच बंद पडली होती. तिसरीला मात्र त्या तयार नव्हत्या.

"अकराव्या तासाला मी वर्गात होते," त्या म्हणाल्या. "झोपले होते. पण होते."

गणिताचे सर बाजूच्या खुर्चीत ताठ बसले होते. नाव दोनदा पुकारलं, कुणी ओ दिली नाही, म्हणून फुली मारली, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटच्या बाकावर खांबाआड कोण आहे हे त्यांना फळ्यापासून दिसत नसे, हेही त्यांनी कबूल केलं. पण डोळे मिटून पडून राहण्याला हजेरी म्हणायचं असेल, तर वर्गातल्या पंख्याचीही रोज हजेरी लावावी लागेल.

बाई उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन सहावा नियम वाचू लागल्या. तास सुरू झाल्यापासून संपेपर्यंत जो वर्गात आहे, तो हजर. ओ देण्याबद्दल त्यात काही नव्हतं. जागं राहण्याबद्दलही नव्हतं. हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार, असं पुटपुटत त्यांनी साक्षीदार आहे का, असं विचारलं.

साक्षीदार दाराबाहेरच उभी होती. मावशींच्या बाकावर बसणारी चष्मेवाली. ती आत आली, सरांकडे न बघता म्हणाली, "मावशी माझ्या शेजारीच होत्या. घोरत होत्या."

बाईंनी हसू दाबलं. सर मात्र हसले नाहीत. त्यांना तो आवाज आठवला. त्या दिवशी मागून घर्रघर्र ऐकू येत होती, आणि कुणीतरी आपली टिंगल करतंय असं समजून त्यांनी शिकवणं थांबवलं होतं. त्यांनी हजेरीपट जवळ ओढला. मग म्हणाले, की त्या घरघरीचा मीच साक्षीदार आहे, त्या वर्गात होत्या. पण फुली खोडण्याआधी मला एक गणित घालू द्या.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. सरांनी तोंडी गणित सांगितलं. एका पाण्यात शेकडा नऊ मीठ, दुसऱ्यात चौदा. दोन्ही मिसळून शेकडा अकराचं तीस लिटर पाणी हवं. कोणतं किती घ्याल?

मावशींनी पेन हातात घेतलं. त्यांच्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग होते. पहिली ओळ लिहिली आणि खोडली. चष्मेवाली कागदावर वाकली. मावशींनी पुन्हा क्ष लिहिला, य लिहिला, दोन समीकरणं एकाखाली एक मांडली आणि मग पेन थांबलंच नाही. नऊचं अठरा लिटर, चौदाचं बारा. खाली न सांगता ताळाही करून दाखवला.

"हे झोपेत शिकलात?" सरांनी विचारलं.

"नाही सर. झोपेत नुसती झोपच झाली. हे हिच्या वहीवरून रविवारी शिकले. सात वेळा चुकलं, आठव्यांदा आलं."

सरांनी पेन घेतलं, फुली खोडली, वर 'ह' लिहिला आणि सही ठोकली. बाईंनी प्रवेशपत्र मावशींच्या हातात दिलं. परीक्षेला दहा मिनिटं उशीर झाला तर आत घेणार नाहीत, आणि पेपरावर डोकं टेकून झोपलात तर आमच्याकडे त्यालाही नियम नाही, असं त्यांनी बजावलं.

"उद्या रजा टाकलीय," मावशी म्हणाल्या. "अकरा वर्षांतली पहिली."

बाहेर थांबलेल्या पोरांना दारातूनच प्रवेशपत्र दिसलं आणि व्हरांड्यात एकच गलका उठला. समोरच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गप्प बसायला सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

सर मात्र हजेरीपट मिटायला तयार नव्हते. त्यांचं बोट अकराव्या तासाच्या रकान्यातून खाली सरकत एकतीस क्रमांकावर थांबलं. घोरण्याची नक्कल करतो म्हणून त्यांनी त्या दिवशी ज्याला तासभर बाहेर उभं केलं होतं, तो हा उंच पोरगा. वर्गात त्याला जिराफ म्हणत. सबंध उन्हाळ्यात त्याच्या नावापुढे तेवढी एकच फुली होती.

सरांनी ती खोडली. तिच्यावर 'ह' काढला आणि सही केली.

"आवाज त्याचा नाही, हे त्याने मला सांगितलं का नाही?"

चष्मेवाली म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही मावशींना उठवलं असतं."